खाजनाचा बांध कोणत्या विषयात येतो?

संशोधनावर सरकारने पैसा कशासाठी खर्च करावा आणि कशासाठी करू नये, हा वाद गोव्यात अधूनमधून डोके वर काढतो. यंदा तो आमच्या घरी चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या दिवसांत, गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली बसून झाला. माझी भाची पीएचडीसाठी गावकरीचे, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या ग्रामसंस्थेचे, मोडी हिशेब वाचते आहे. खाजनाच्या, म्हणजे भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीच्या, बांधांची डागडुजी कोणी, केव्हा आणि कोणाच्या पैशाने केली, हे ती त्या कागदांतून शोधते. घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी तिला सरळ विचारले, की दोनशे वर्षांपूर्वी चिखलाच्या बांधावर किती खर्च झाला हे कळून आज कोणाचे काय भले होणार? दुसरे एक काका तिच्या मदतीला धावले आणि म्हणाले, "असे कसे बोलता? तो आपला वारसा आहे." यावर विचारणाऱ्यांचे समाधान झाले नाही, आणि तिचे तर मुळीच झाले नाही, कारण ती वारशाचे गुणगान करायला बसलेली नव्हती. वर्तमानपत्रांतल्या पत्रांत, महाविद्यालयांच्या शिक्षक-खोल्यांत, विद्यापीठाच्या प्रवेशाच्या दिवसांत पालकांच्या बोलण्यात हा वाद याच दोन वाक्यांपाशी अडलेला मी कितीदा तरी ऐकला आहे.

माझे मत आधीच सांगते. इतिहास, विज्ञान आणि शिक्षण या तिन्ही क्षेत्रांत, वरवर एकमेकांशी काही संबंध नसलेल्या विषयांवर संशोधन चालू राहणे ही गोव्यासारख्या लहान प्रदेशाची निकड आहे. मोठ्या प्रदेशाला एखादे क्षेत्र पडीक टाकणे कदाचित परवडेल, लहान प्रदेशाला ते परवडत नाही. इथले प्रश्न इथेच अभ्यासावे लागतात, ते विषयवार वाटून येत नाहीत, आणि कोणत्या विषयाचा माणूस उद्या लागणार हे आज सांगणारे साधन कोणाच्याही हाती नाही.

हा वाद वाईट रीतीने मांडला जातो असे मी म्हणते, ते दोन्ही बाजूंना उद्देशून. उपयुक्ततेचा आग्रह धरणारे असे गृहीत धरतात की उपयोग हा विषयाच्या नावावरच लिहिलेला असतो. जैवतंत्रज्ञान म्हटले की उपयोगी, धालो या लोकनृत्याची गाणी म्हटली की निरुपयोगी. विरुद्ध बाजूचे लोक ही मोजपट्टी तशीच मान्य करतात आणि वारसा, अस्मिता, संस्कृती या शब्दांच्या आधाराने आपल्या विषयासाठी सवलत मागतात. सवलत मागणाऱ्याने आपली बाजू आधीच सोडून दिलेली असते. मग अंदाजपत्रकात कात्री लागते तेव्हा ती कोठे लागणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. २०२३ सालच्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान कायद्यातही मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रे आली आहेत ती विज्ञान-तंत्रज्ञानाशी त्यांचा जेथे संबंध येतो तेवढ्यापुरती. त्यांना दारात उभे केले आहे, घरात घेतलेले नाही.

विरोधकांचे म्हणणे मात्र हलके नाही, आणि ते हलके मानूनच आपण हा वाद पुन्हा पुन्हा हरतो. पहिली गोष्ट पैशाची. आपला देश संशोधन आणि विकासावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या जेमतेम ०.६४ टक्के खर्च करतो, असे २०२०-२१ची आकडेवारी सांगते. ताटात एवढेच वाढलेले असताना कोणी आधी जेवावे, हा प्रश्न रास्तच आहे. दुसरी गोष्ट दर्जाची. बढतीसाठी लिहिलेले, कोणीही न वाचलेले, एका प्रबंधातून दुसऱ्यात उतरलेले लेखन आपल्याकडे ढिगाने आहे. २०१८ साली विद्यापीठ अनुदान आयोगाला आपल्या मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नियतकालिके एका फटक्यात काढून टाकावी लागली. तिसरी गोष्ट आकाराची. गोवा विद्यापीठ सुरू झाले १९८५ साली, विद्यार्थिसंख्या मर्यादित, प्राध्यापकांच्या जागा मर्यादित. त्याने दहा ठिकाणी वीतभर खणण्यापेक्षा एका ठिकाणी पाणी लागेपर्यंत खणावे, असे कोणी म्हणाले तर त्यात तथ्य नाही असे कसे म्हणावे? आणि चौथी गोष्ट, जी सहसा उघड बोलली जात नाही: ज्ञान उसने मिळते. लिस्बन, पुणे, बंगळूर येथे काम होत असेल तर ते वाचावे, तेच येथे पुन्हा कशाला करावे?

या चार हरकतींना उत्तर देण्याआधी मला वाचकांना एका बांधावर न्यायचे आहे.

चवथीनंतरच्या आठवड्यात मी भाचीबरोबर चोडणला गेले होते. फेरीबोटीतून उतरून थोडे चालले की एका बाजूला खारफुटी आणि दुसऱ्या बाजूला खाजन लागते. गोव्यात अशी खाजन जमीन सुमारे अठरा हजार हेक्टर असल्याचे सांगतात. भरतीच्या पाण्याखाली जाणारी ही जमीन शतकानुशतके बांध घालून माणसांनी राखलेली आहे. बांधात एके ठिकाणी मानस असते, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडण्याची दारे. आम्ही गेलो तेव्हा ओहोटी चालू होती. दगडी चौकटीतले लाकडी दार आतल्या पाण्याच्या रेट्याने बाहेरच्या बाजूला कललेले होते आणि फटीतून पाणी खळाळत नदीत चालले होते. तासाभराने ओहोटी सरली, नदीचे पाणी चढू लागले, खळाळ मंदावला आणि दार हळूहळू सरळ होत चौकटीला जाऊन टेकले. कोणी हात लावला नाही, कोणी दोर ओढला नाही. बाहेरच्या पाण्याचा दाब आतल्यापेक्षा वाढला आणि दार मिटले, एवढेच. बांधावरून जाणाऱ्या एका शेतकऱ्याने दाराच्या खालच्या कडेला लागलेला शेवाळाचा पट्टा बोटाने दाखवला आणि पाणी पूर्वी कोठवर चढायचे आणि हल्ली कोठवर चढते हे सांगितले. त्याच्या दोन खुणांत वीतभर अंतर होते.

मी तीस वर्षे उच्च माध्यमिक विद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले. द्रवाचा दाब खोलीबरोबर वाढतो हे मी दरवर्षी फळ्यावर काढून दाखवले आणि त्यासाठी पाठ्यपुस्तकातले धरण वापरले. माझ्या वर्गातली निम्मी मुले ज्या गावांतून येत होती तेथे हाच नियम दिवसातून दोनदा आपोआप दार उघडत आणि मिटत होता, आणि मी त्यांना एकदाही मानशीवर नेले नाही. ही चूक माझी आहे आणि ती मला बोचते. पण मला ते सुचले नाही, कारण मानस हे भौतिकशास्त्रात येते असे मला कोणी शिकवले नव्हते. ते शेतीत येत होते, गावकरीत येत होते, फार तर मानशीच्या पावणीत, म्हणजे तेथल्या मासळीचा हक्क लिलावाने देण्यात येत होते.

आता हा बांध फुटला असे समजा. गेली काही वर्षे ठिकठिकाणी बांध फुटतात, खारे पाणी आत शिरते, शेत पडीक राहते आणि हळूहळू तेथे खारफुटी माजते. का फुटतात? अभियंता म्हणेल, माती धुपली, दगडी चिरे निसटले, खाणीच्या काळात बार्जींच्या लाटांनी कड खाल्ली. जीवशास्त्रज्ञ कुर्ल्यांनी पोखरलेली बिळे दाखवील. समुद्राचा अभ्यासक म्हणेल की पाण्याची पातळीच वाढते आहे. हे सगळे खरे आहे. पण बिळे पूर्वीही होती आणि ती दरवर्षी बुजवली जात. मग बुजवणे कधी थांबले? येथे इतिहासकार लागतो. बांधांची जबाबदारी गावकरीची होती. १५२६ साली पोर्तुगिजांनी गावकरीच्या रूढींची जी सनद लिहून काढली, तिच्याही आधीपासून ही व्यवस्था चालत आलेली होती. १९६४ साली कूळ कायदा झाला. कसणाऱ्याच्या हाती जमीन जाणे न्यायाचेच होते, आणि गावकरी म्हणजे काही समतेचे राज्य नव्हते. तेथे हक्क ठरावीक घराण्यांतल्या पुरुषांचे, श्रम इतरांचे. पण जमिनीबरोबर बांध राखण्याची जबाबदारीही हलली आणि पुढे ती कूळ संघांवर आली. पैसा, सत्ता आणि जाणकारी ज्यांच्याकडे होती त्यांचा जमिनीशी संबंध सुटला, आणि ज्यांच्याकडे जमीन आली त्यांना पैसा आणि जाणकारी त्या मानाने मिळाली नाही. भोक कोणत्या वर्षी पडले हे भूगर्भशास्त्र सांगेल, पण ते बुजवायला कोणीच का आले नाही, हे कायद्याच्या आणि हिशेबाच्या कागदांतच सापडेल.

आणि मग शिक्षण. बांध बांधणारा हात कोणत्या मातीत किती पेंढा मिसळायचा, कोणत्या तिथीच्या भरतीआधी काम संपवायचे हे वडिलांकडून शिकत असे. शाळेने ती साखळी तोडली असे मी म्हणणार नाही. मुलांनी शाळेत जावे यासाठीच आपल्या आधीच्या पिढीने जिवाचे रान केले. पण शाळेने ते ज्ञान आपल्या आत घेतले नाही हे तर खरे आहे. ते आत कसे घ्यावे, कोणत्या इयत्तेत, कोणत्या भाषेत, हा शिक्षणशास्त्राचा संशोधनविषय आहे, आणि त्याचे उत्तर फिनलंडहून येणार नाही.

खाजनाचा बांध कोणत्या विषयात येतो? ज्या धोरणाला या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर हवे आहे, त्या धोरणाला बांध वाचवता येणार नाही. ज्ञान उसने मिळते, ही चौथी हरकत येथे निकामी होते. द्रवाच्या दाबाचा नियम उसना मिळेल, मिळालाही आहे. चोडणच्या बांधाचे हिशेब, त्याची माती आणि तेथल्या मुलांची भाषा कोणी उसनी देणार नाही.

एका ठिकाणी खोल खणण्याच्या हरकतीला माझे उत्तर एका गोमंतकीयाच्या आयुष्यातून येते. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १९०७ साली गोव्यात कोसबें येथे झाला. शिक्षणाने आणि पेशाने ते गणिती. चाळीसच्या दशकात ते प्राचीन आहत नाणी तराजूत तोलत बसले होते. हातोहात फिरून नाणे झिजते, तेव्हा एखाद्या साठ्यातल्या नाण्यांच्या वजनांवर संख्याशास्त्र चालवले तर ती किती काळ चलनात होती याचा अंदाज बांधता येईल, ही त्यामागची कल्पना. त्याच सुमारास, १९४४ साली, त्यांनी आनुवंशिकीत एक सूत्र मांडले. गुणसूत्रावरच्या दोन जनुकांची पुढच्या पिढीत किती वेळा फारकत होते, यावरून त्यांच्यातले अंतर काढण्याचे ते सूत्र. आणि १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधसंग्रहात गोव्यातल्या जुन्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या भागातल्या, गावकरीवर एक निबंध आहे. नाणी, जनुके, गावकरी. 'एकाच ठिकाणी खणा' म्हणणाऱ्या कोणत्याही समितीने यातल्या दोन विषयांवर काट मारली असती, आणि त्या काळच्या अनेकांना हा माणूस गणित सोडून भलतीकडे भरकटला आहे असे वाटतच होते. १९६२ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेतला त्यांचा करार पुढे वाढवला गेला नाही.

आज काय दिसते? पिकांचे जनुकनकाशे काढताना जगभर कोसंबींचे ते सूत्र वापरले जाते, आणि संगणकावरच्या आज्ञावलीत ते त्यांच्या नावानेच निवडावे लागते. क्षार सहन करणाऱ्या भाताचा शोध याच नकाशांच्या आधारे चालतो. केरळातल्या खाऱ्या पाण्यातल्या पोक्कळी भातात, पहिल्या गुणसूत्रावर, क्षार सोसण्याशी निगडित असलेला भाग सापडला तो याच पद्धतीच्या कामातून. आपल्या खाजनात पिढ्यान्पिढ्या कोरगुट हे भात पिकते, आणि जुने गोवे येथील कृषी संशोधन संस्थेने कोरगुटातूनच निवड करून गोवा धान या नावाचे वाण शेतकऱ्यांना दिले. ज्या माणसाने खाजने राखणाऱ्या गावकरीवर लिहिले, त्याचेच सूत्र खाऱ्या जमिनीतल्या भाताच्या अभ्यासाला उपयोगी पडते आहे. हा योगायोग आहे, आणि योगायोगावर धोरण उभे करू नये हे मला मान्य आहे. पण योगायोग घडण्याइतकी मोकळीक एका माणसाला मिळाली होती, यात योगायोग नव्हता. ती मोकळीक त्याने भांडून मिळवली होती आणि तिची किंमतही मोजली होती.

कोणी म्हणेल, कोसंबी एखादाच. बरोबर आहे, म्हणून संस्थेचे उदाहरण घेऊ. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था हिंदी महासागराच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेनंतर, १९६६ साली स्थापन झाली. 'एकाच क्षेत्रावर लक्ष केंद्रित केले म्हणून ती मोठी झाली' असे तिच्याविषयी सांगतात. पण तिच्या आत डोकावले तर काय आहे? लाटा मोजणारे भौतिकशास्त्रज्ञ, पाण्याचे रसायन पाहणारे, प्लवकांचे अभ्यासक, तळाचा गाळ वाचणारे, आणि त्यांच्याच जोडीला बुडालेली जहाजे आणि बुडालेली बंदरे शोधणारे पुरातत्त्वज्ञ. १९८१ साली 'गवेषणी' जहाजाने महासागराच्या तळातून बहुधात्विक गोटे वर आणले, ते याच संस्थेचे काम. समुद्र हा एक विषय आहे असे किनाऱ्यावरून वाटते, एवढेच.

पैशाच्या हरकतीचा विचार करताना मला गोव्याच्या सत्तरी तालुक्यातला माकडताप आठवतो. हा रोग १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेला. विषाणूचे रशियातल्या एका विषाणूशी साम्य होते, म्हणून तो स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांबरोबर आला असावा असा संशय आला आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सलीम अलींच्या मार्गदर्शनाखाली हजारो पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांचा माग काढण्याचे काम सुरू झाले. संशय फोल ठरला. रोग पसरतो तो गोचिडींमधून. ज्या उपयोगासाठी पैसा मिळाला तो उपयोग झालाच नाही. मग तो पैसा वाया गेला का? पक्षी कोठून येतात आणि कोठे जातात याचे जे ज्ञान त्या कामातून साचले, त्यावर पुढच्या पिढ्यांचे पक्षिशास्त्र उभे राहिले. दुसरीकडे, गोचिडी आणि माकडे यांच्यासारख्या 'निरुपयोगी' विषयात काही माणसे दशकानुदशके रमली होती म्हणून २०१५ साली सत्तरीत लोक आजारी पडू लागले तेव्हा रोगाला नाव होते, तपासणी होती, आणि काजूच्या हंगामात जंगलात जाणाऱ्या माणसाने काय काळजी घ्यावी हे सांगता येत होते. थोडा पैसा असलेल्या माणसाने सगळा पैसा एकाच घोड्यावर लावावा की नाही, हे कोणत्याही संसारी बाईला विचारावे.

शिक्षणावरच्या संशोधनाची अवस्था मात्र तिन्ही क्षेत्रांत सर्वांत केविलवाणी आहे, कारण त्याला कोणी निरुपयोगी म्हणत नाही आणि कोणी करतही नाही. २०१९ साली महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून जे वादळ उठले ते आठवून पाहा. 'सत्तावीस' ऐवजी 'वीस सात' म्हणावे का, यावर विधिमंडळापर्यंत चर्चा झाली. एका बाजूने मराठीचा अपमान, दुसऱ्या बाजूने मुलांची सोय. दुसरीतली किती मुले 'बाहत्तर' ऐकून आधी दोन लिहितात आणि मग डावीकडे राखलेल्या जागेत सात लिहितात, किती जण सरळ सत्तावीस लिहून मोकळी होतात, हे मोजून पाहण्याजोगे होते. पण त्या गदारोळात मोजमापाविषयी बोलणाऱ्यांचा आवाज कोणाला ऐकू गेला?

गोव्यात तर हा प्रश्न दुप्पट गुंतागुंतीचा आहे. घरी कोंकणी किंवा मराठी, जिच्यात एकक आधी येतो. शाळेत इंग्रजी, जिच्यात वीस ओलांडले की दशक आधी येतो. माझ्या अकरावीच्या वर्गातली हुशार मुलेसुद्धा आकडेमोड ओठांतल्या ओठांत एका भाषेत करत आणि कागदावर दुसऱ्या भाषेत उतरवत, आणि घाईच्या वेळी त्यांचे अंक उलटे पडत. प्राथमिक शाळांच्या माध्यमावरून या राज्यात केवढी आंदोलने झाली! १९९० साली अनुदान मातृभाषेतल्या प्राथमिक शाळांपुरते ठेवले गेले, २०११ साली इंग्रजी शाळांनाही ते मिळाले, रस्त्यावर माणसे उतरली, पक्षांची समीकरणे बदलली. मी स्वतः मातृभाषेच्या बाजूची आहे आणि राहीन. तरीही विचारावेसे वाटते, की एवढ्या वर्षांत फोंड्यातली एक मराठी शाळा आणि मडगावातली एक इंग्रजी शाळा शेजारी ठेवून त्यांतल्या मुलांचा पहिलीपासून दहावीपर्यंत माग काढणारे काम आपण का उभे केले नाही? आपली बाजू खरी आहे अशी आपली खात्री असेल, तर तिची परीक्षा घ्यायला आपण का कचरावे?

राहिली दर्जाची हरकत. ती मी पूर्णपणे मान्य करते आणि म्हणूनच तिचा निष्कर्ष मला मान्य नाही. वाईट संशोधन हे विषयामुळे वाईट होत नाही. आयोगाने वगळलेल्या त्या हजारो नियतकालिकांत विज्ञान, अभियांत्रिकी, व्यवस्थापन या सर्वांचा भरणा होता. विषय 'उपयोगी' असल्याने लेखन प्रामाणिक झाले नाही. उलट ज्या विषयाला आज मागणी आहे तेथेच नक्कल अधिक, कारण तेथेच घाई अधिक. तपासायचे असेल तर प्रश्न तपासावा: तो खरा प्रश्न आहे का, त्याचे उत्तर चुकीचे ठरण्याची शक्यता संशोधकाने ठेवली आहे का, मूळ कागद किंवा मूळ नमुना त्याने स्वतः पाहिला आहे का. या चाळणीतून मोडी हिशेबांचा एखादा प्रबंध पार होईल आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवरचा एखादा अडकेल. कधी उलटेही होईल, आणि तसे झाले तर मोडीचा प्रबंध नापास करायला माझी हरकत नाही.

सरकारने ज्ञानाची उपयुक्तता ठरवण्याचा प्रयोग गोव्याने पूर्वी एकदा पाहिला आहे. १६८४ साली पोर्तुगीज विजरईने फर्मान काढले की तीन वर्षांत येथल्या लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. राज्यकर्त्याच्या दृष्टीने ते उपयुक्ततेचेच धोरण होते. त्याआधी याच भूमीत १६१६ साली फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूंचे ख्रिस्तपुराण मराठीत छापले गेले होते; त्यांनी रचलेले येथल्या भाषेचे व्याकरण १६४० साली छापून निघाले होते. पुढे दीर्घ काळ त्या अभ्यासाची वाट बुजली. ती पुन्हा मोकळी करायला १८५८ साली कुन्हा रिवारा या पोर्तुगीज अधिकाऱ्याला कोंकणीच्या इतिहासावर निबंध लिहावा लागला, आणि स्टीफन्सचे व्याकरण पुन्हा छापावे लागले. आजचे अनुदानाचे निकष म्हणजे ते फर्मान नव्हे, अशी तुलना केली तर ती अन्यायाची होईल. आज कोणी कोणाचे तोंड बंद करत नाही. पण जागा भरली नाही, शिष्यवृत्ती दिली नाही, लिपी शिकवणारा निवृत्त झाला आणि त्याच्या जागी कोणी आला नाही, तर फर्मान न काढताही वाट बुजते.

पणजीच्या पुराभिलेखागाराची सुरुवात १५९५ सालची. सत्तरीतल्या पिसुर्ल्याचे पांडुरंग पिसुर्लेकर यांनी तेथे बसून पोर्तुगीज दप्तरे आणि मराठी कागद एकमेकांशेजारी ठेवून वाचले, आणि शिवकाल-पेशवेकालाच्या इतिहासाला एक वेगळीच खिडकी उघडून दिली. ते शक्य झाले कारण दोन्ही भाषा आणि मोडी लिपी एकाच माणसाजवळ होती. असा माणूस जाहिरात देऊन मिळत नाही. तो तयार व्हायला वीस वर्षे लागतात, आणि ती वीस वर्षे त्याचा उपयोग काय हे त्यालाही सांगता येत नाही. गावकरीचे काही कागद गोंयकानडी लिपीत आहेत. ती वाचणारे आज किती उरले आहेत हे मोजायला एका हाताची बोटे पुरतील की दोन्ही हातांची लागतील, एवढाच प्रश्न आहे. समुद्राची पातळी मोजणारे यंत्र पुढच्या वर्षी विकत घेता येईल, वाचणारा माणूस विकत घेता येणार नाही. म्हणून माझी मागणी मर्यादित आणि नेमकी आहे: संशोधनाच्या निधीचा एक ठरावीक वाटा अशा हळू शिकल्या जाणाऱ्या कौशल्यांसाठी, मग ती लिपी असो, वनस्पतींची ओळख असो की वर्गात बसून मुलांचे निरीक्षण करणे असो, दरवर्षीच्या उपयुक्ततेच्या कसोटीतून वगळून राखून ठेवावा. उरलेल्यासाठी खुशाल स्पर्धा लावा.

माझ्या भाचीला हिशेबांत एक गोष्ट दिसू लागली आहे. काही वर्षी डागडुजीचा खर्च अचानक वाढतो आणि मग दोन-तीन वर्षे चढाच राहतो. ती वर्षे मोठ्या भरतीची होती, वादळाची होती, की गावकरीतल्या भांडणाची, हे तिला ठरवायचे आहे. त्यासाठी तिला भरतीचे गणित मागे चालवून पाहणारा माणूस हवा आहे, आणि बांधाच्या पोटातली माती तपासणारा. तिने एका ठिकाणी अर्थसाहाय्यासाठी अर्ज केला. अर्जात 'विषय' असा रकाना होता आणि खाली सूचना होती की एकच निवडावा. तिने इतिहास निवडला. चार महिन्यांनी उत्तर आले की भरतीच्या आणि मातीच्या तपासणीचा खर्च त्या विषयात बसत नाही. आता ती तोच अर्ज पुन्हा लिहिते आहे, आणि परवा रात्री फोन करून मला विचारत होती, "मावशी, मानशीच्या दारावरच्या पाण्याच्या दाबाचे गणित तू मला करून देशील का?" मी वही काढून बसले आहे. दाराची उंची आणि रुंदी आम्ही त्या दिवशी मोजून आणली होती. शेवाळाच्या पट्ट्याच्या दोन्ही खुणाही मोजल्या आहेत.